पायताणपुराण

मराठी माणसाची थंडी कानापासून सुरू होते आणि कमरेपाशी संपते. डिसेंबर उजाडला की पुण्याच्या पर्वतीवर पहाटे फिरायला जाणारी मंडळी पाहा. डोक्याला माकडटोपी, तिच्यावरून मफलरचे दोन वेढे, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, त्यावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आणि पायात? पायात चप्पल. वरून पाहिले तर गृहस्थ सियाचीनला निघालेले. खालून पाहिले तर कोपऱ्यावर दुधाची पिशवी आणायला.

पायालाही थंडी वाजू शकते ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही. आपल्या पायाचा खरा शत्रू पाऊस. त्यामुळे आपल्या पायताणांचे वर्ग दोनच : एक पावसाळी आणि दुसरे बाकीचे. पावसाळी म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस दुकानाबाहेर दोरीला घोसाने टांगलेले, घातल्यावर चार दिवस चावणारे आणि पाचव्या दिवशी तुटणारे. बाकीच्यांत सगळे आले. लग्नातले बूट आले, ऑफिसातले आले, आणि अर्थात कोल्हापुरी चप्पल आली. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे मानांकन लाभलेली चप्पलसुद्धा मृगाचा पहिला शिडकावा झाला की वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जाते. भिजलेले कातडे म्हणजे काय ते ज्याला वाळवावे लागले आहे त्यालाच ठाऊक. पावसाला जिथे हे सोसत नाही, तिथे बर्फाची काय कथा!

बर्फाच्या बाबतीत आपली दुसरी अडचण भाषेची आहे. आपल्या ओळखीचा बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या रंध्यावरचा, उसाच्या रसातला किंवा मासळीबाजारात पापलेटाखाली अंथरलेला. हा झाला दगडासारखा बर्फ. आता आभाळातून कापसासारखा भुरभुरत पडतो, त्यालाही आपण बर्फच म्हणतो. 'हिम' असा एक शब्द आहे, नाही असे नाही. पण तो आपण कवितेत, भूगोलात आणि दंतमंजनाच्या जाहिरातीत वापरतो. 'काल रात्री हिम पडले' असे कुणी म्हणाले तर ऐकणारा 'कुठल्या नाटकातलं?' असे विचारील.

आणि नेमकी इथेच गोम आहे. ताज्या पडलेल्या भुसभुशीत बर्फात पाय रुततो, सहसा घसरत नाही. तिथे बुटात वरून बर्फ शिरतो आणि वितळून पाय भिजवतो. तोच बर्फ शंभर पावलांनी तुडवला, दुपारच्या उन्हात थोडा पाघळला आणि रात्री पुन्हा गोठला की त्याची काच होते. तिथे पाय भिजत नाही, सरळ आभाळाकडे जातो. पहिल्यासाठी उंच नळीचा, पाणी न शिरणारा बूट हवा. दुसऱ्यासाठी खरखरीत तळाचा. दोन निरनिराळ्या शत्रूंना आपण एकच नाव देऊन बसलो आहोत. आणि मग एकच बूट घेऊन दोघांशी लढायला निघतो.

हे सगळे ज्ञान मला जन्मतः नव्हते. ते आईमुळे झाले.

बँकेच्या नोकरीत माणसाला भारत दाखवणारी एक सवलत असते. तिला आम्ही एलएफसी म्हणतो. तिच्या बळावर जानेवारीत मनालीला जायचे ठरले. आई चौऱ्याहत्तरची. जन्म गुहागरजवळच्या एका गावातला, आणि आयुष्याचा पूर्वार्ध तिथल्याच लाल मातीत. ती एरवी कुठल्याही सहलीला 'तुम्ही जाऊन या, मी घर बघते' म्हणणारी. पण मनालीचे नाव निघाले आणि ती वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "मी येणार. मला एकदा बर्फात पाय ठेवायचाय."

"हात लाव की. गाडीच्या खिडकीतूनही लागेल," मी म्हणालो.

"हात नाही. पाय. चौथीच्या पुस्तकात हिमालयाचं चित्र होतं, तेव्हापासून ठरवलंय."

आता, चौथीपासूनची इच्छा चौऱ्याहत्तराव्या वर्षी सांगणारे माणूस पुन्हा ती सांगत नाही, हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण घरात एकदम शांतता पसरली. कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी मावशी उभी राहिली. किंबहुना, आडवी राहिली. दोन वर्षांपूर्वी मावशी न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने पलंग झाला, आणि तेव्हापासून एकेकाळी अख्ख्या आळीचे पापड लाटणारी ही बाई वॉकर धरून खिडकीपर्यंत जाते आणि तेवढ्याला 'फिरून आले' म्हणते. आमच्या कुटुंबात 'घसरणे' हा शब्द तेव्हापासून कुणी विनोदाने वापरत नाही.

"आई गाडीत बसतील," सौ.ने निवाडा दिला. "आपण उतरू, फोटो काढू, त्यांना आणून दाखवू."

सहलीला नेलेल्या म्हाताऱ्या माणसांचे हे असेच होते. त्यांना हजार मैल नेतात आणि गाडीत बसवून ठेवतात. ज्या ठिकाणी जायचे असते त्याच्या अलीकडे दीडशे पावलांवर ती सर्वांच्या पर्सा, शाली, पाण्याच्या बाटल्या आणि झोपलेले नातवंड मांडीवर घेऊन बसलेली असतात. महाबळेश्वरचा पॉइंट असो की वेरूळचे कैलास, त्यांना दिसतो तो फक्त गाडीतळ. आईने हा निवाडा शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "एवढ्या लांब मी गाडी बघायला येणार नाही हो."

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला : ही बाई बर्फावर उभी राहील, पण पडणार नाही, असे पायताण कोणते?

प्रथम आईचा पाय समजावून घेतला पाहिजे. हा पाय वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत अनवाणी आणि नंतर अंगठ्याच्या चपलेत वाढलेला. त्याची पाचही बोटे वाटणी झालेल्या पाच भावांसारखी एकमेकांपासून अंतर राखून असतात. अंगठ्याच्या मुळाशी एक उंचवटा. टाचेला भेगा. लांबी बेताची, रुंदी अमर्याद. अशा स्वतंत्र बाण्याच्या पायाला बुटात कोंडणे म्हणजे भावांना पुन्हा एकत्र कुटुंबात आणणे.

पहिल्या दुकानात मी विचारले, "बर्फात चालायचे बूट आहेत का?"

विक्रेत्या मुलाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि आतून एक जोड आणला. "हे घ्या काका. पांढरे आहेत. मॅचिंग होतील."

दुसऱ्या दुकानात गडावर जाणाऱ्या पोरांचे बूट होते. एकेक बूट असा, की त्यात झाड लावावे. आईने एक उचलून पाहिला आणि म्हणाली, "हा पायात घालून चालायचं, की पायाला बांधून विहिरीत उतरायचं?" तिसऱ्या दुकानात उंच टाचेचे, वरून केसाळ, आतून गुळगुळीत असे एक प्रकरण 'विंटर कलेक्शन' म्हणून ठेवले होते. त्याचा आणि हिवाळ्याचा संबंध दुकानातल्या वातानुकूलनापुरताच होता.

तोवर सल्लागार मंडळ जमा झाले होते. आपल्याकडे बूट मिळायला वेळ लागतो, सल्ला लगेच मिळतो.

पहिले आमचे साडू. ते स्वित्झर्लंडला जाऊन आलेले आहेत, आणि त्यांच्याशी कुठल्याही विषयावर बोलायला लागले की तीन मिनिटांत माणूस स्वित्झर्लंडला पोचतो. "बर्फाचं काय एवढं घेऊन बसलात? मी साध्या स्पोर्ट्स शूजवर आल्प्स केला." पुढे खोदून विचारता कळले की ते युंगफ्राऊला गेले होते. तिथे १९१२ सालापासून आगगाडी थेट ३४५४ मीटरवरच्या स्टेशनात नेऊन सोडते. साडूंनी आल्प्स केला हे खरे. पण बराचसा बसून केला.

दुसरे आमच्या शाखेचे हेडकॅशियर. ते गिर्यारोहणाची पुस्तके वाचतात. स्वतः जिना मात्र टाळतात. त्यांनी डबा उघडता उघडता एव्हरेस्टच काढले. २९ मे १९५३ च्या पहाटे, म्हणजे शिखराच्या ऐन दिवशी, हिलरी जागा झाला तो त्याचे बूट गोठून लाकूड झालेले. रात्री काढून ठेवले होते ना! मग शेगडीवर धरून ते मऊ करण्यात दोन तास गेले. तेनसिंग मात्र बूट पायात ठेवूनच झोपला होता. "तात्पर्य काय," हेडकॅशियर भाजीचा घास घेत म्हणाले, "रात्री बूट काढू नका."

हे तात्पर्य मी घरी सांगितले. आई म्हणाली, "बूट घालून अंथरुणात? मग नको मला हिमालय."

तिसरा सल्लागार भाचा. तो मिनिआपोलिसला असतो. तिथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली वीस-वीस अंश जाते, तेव्हा हा खरा अधिकारी पुरुष, अशा समजुतीने मी त्याला फोन लावला. "मामा, इथे आम्ही बर्फात फारसे जातच नाही," तो म्हणाला. त्या शहराने १९६२ पासून एका इमारतीतून दुसरीत जायला काचेचे बंदिस्त, उबदार पूल बांधायला घेतले. आता त्यांची लांबी पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. माणूस घरातल्या कपड्यांत ऑफिस, बँक, जेवण सगळे उरकतो. बर्फाच्या गावी राहून बर्फात न उतरण्याची इतकी पक्की सोय ऐकून मला त्या नगरपालिकेबद्दल आदर वाटला.

पण गाडीतळापासून घरापर्यंतच्या अंतराचा त्याचा अनुभव दांडगा होता, आणि त्याने सांगितलेले प्रत्येक वाक्य पुढे उपयोगी पडले. पायमोजे लोकरीचे घ्या, सुती नको. सूत पाणी पिऊन बसते आणि पाय गार करते, लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते. मोज्यांवर मोजे कोंबू नका. बूट एक नंबर मोठा घ्या, आत बोटे हलली पाहिजेत. तळ जाड आणि खोल खाचांचा हवा, पण रबर मऊ पाहिजे. स्वस्तातले कडक रबर थंडीत आणखी कडक होते आणि मग फरशीवरच्या वाटीसारखे सरकते. आणि चालताना हात खिशात घालू नका, पेंग्विनसारखे चाला.

"कुणासारखं?" आईने विचारले.

"पेंग्विन. पक्षी आहे. उडत नाही."

"उडायचं नाहीच आहे मला."

बोटे हलण्याचे कारण मला प्रथम समजेना. मी पडलो कॉमर्सचा. पण नंतर ते आमच्याच व्यवहाराचे निघाले. थंडी पडली की शरीर आपली ऊब हृदय, फुप्फुसे, मेंदू असल्या मुख्य कचेऱ्यांकडे वळवते आणि लांबच्या शाखांचा रक्तपुरवठा आखडता घेते. सगळ्यांत लांबची शाखा म्हणजे पायाचे बोट. तिथे आधीच रोकड कमी. त्यात घट्ट बुटाने वाट आवळली तर ती शाखा बंदच पडायची. शिवाय ऊब धरते ती मोज्यातली आणि बुटातली कोंडलेली हवा. बूट गच्च भरला की हवेला जागा नाही, आणि हवा नाही तर ऊब नाही. थोडक्यात, दोन मोजे घालून बूट गच्च करणारा माणूस ठेव वाढवतो आणि व्याज घालवतो.

अखेर चौथ्या दुकानात जोड मिळाला. पुरुषांच्या विभागातला, पाच नंबरचा; कारण बायकांचा पाय रुंद असतो ही गोष्ट बूट करणाऱ्यांच्या कानावर अजून गेलेली नाही. घोट्यापर्यंत येणारा, जाड मऊ तळाचा, आणि नाडीऐवजी चिकटणाऱ्या पट्ट्यांचा. वाकून नाडी बांधणे हा चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतंत्र गिर्यारोहणाचा प्रकार आहे. आईने तो आठवडाभर घरात घालून सराव केला. मात्र देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या उंबऱ्याशी ती तो काढत असे, त्यामुळे सराव बहुतांशी व्हरांड्यातच झाला.

मनालीच्या बाजारात गेल्या गेल्या आईला हवा तो न्याय मिळाला. एका दुकानात रंगीबेरंगी, विणलेली, चपट्या होडीसारखी पायताणे मांडली होती. कुल्लूकडे त्यांना 'पूलें' म्हणतात. भांगेच्या झाडाच्या सालीचा वाख काढून त्याचा तळ विणतात, वर बकरीच्या केसांच्या दोऱ्याची नक्षी. भांग म्हटल्यावर मी जरा दचकलो, पण ती पायात चढत नाही असे दुकानदाराने सांगितले. खरी गंमत पुढेच होती. त्यांत कातड्याचा अंशही नसल्यामुळे तिकडची माणसे ती घालून स्वयंपाकघरात वावरतात, देवळातही जातात. थंडीत लाकडी फरशीवर पाय गारठू नये आणि धर्मही बुडू नये, अशी सोय.

आईने ते पायताण हातात घेऊन बराच वेळ पाहिले. "सोवळ्यातला बूट!" ती म्हणाली. "आणि आमच्याकडे कुणाला सुचलं नाही." तिने दोन जोड घेतले, एक स्वतःला, एक मावशीला. मावशी आता चालते ती घरातच, आणि घरातल्या घरात घालायला याहून चांगले काय असणार, असा तिचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सोलंग. मनालीहून हे अंतर तेरा-चौदा किलोमीटरचे. या रस्त्याच्या कडेला भाड्याने बर्फाचे कपडे देणारी दुकाने ओळीने लागतात. प्रत्येकावर मोठा नंबर. आपण कुठले दुकान पसंत करावे हा प्रश्न नसतो. ड्रायव्हरची गाडी एका विशिष्ट नंबरापाशी आपोआप थांबते. आत शिरताना माणूस बँकेतला कारकून असतो, बाहेर पडताना अंतराळवीर. एकरकमी भाड्यात वन-पीस कोट आणि गमबूट.

गमबुटाबद्दल माझ्या मनात आदर आहे. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक घालून रबर पक्के करण्याची युक्ती काढली, त्याआधी रबरी बूट उन्हाळ्यात पाघळत आणि थंडीत दगड होत. पक्क्या रबराने पाणी बाहेर राहते, हे खरे. पण त्याच न्यायाने घाम आत राहतो. आणि भाड्याच्या गमबुटात आपल्या आधीच्या शंभर माणसांचा राहिलेला असतो. मला मिळालेल्या जोडातला डावा आठ नंबरचा होता आणि उजवा नऊचा. "एकही बात है साब," दुकानदार म्हणाला. उलटून पाहिले तर तळ डोंगरघाटात आयुष्य काढलेल्या एसटीच्या टायरसारखा साफ झालेला. खाचा होत्या, पण त्या आठवणीपुरत्या.

आईला गमबूट चढेना. पोटरीशी अडकला. दुकानदार आणि त्याचा पोऱ्या दोन्ही बाजूंनी जोर लावू लागले, तेव्हा आईने राष्ट्रभाषेत निषेध केला, "अरे बाबा, हमारा पाय है, गोणी नहीं! झोंबता है हमको!" शेवटी तिने आपलेच बूट घातले आणि आम्ही पुढे निघालो.

सोलंगला गाडी थांबली तिथे जमीन नव्हती, आरसा होता. आदल्या दिवशीचा तुडवलेला बर्फ रात्रीत गोठून निळसर झाला होता. त्याच्यापलीकडे, साठ-सत्तर पावलांवर, पांढरा शुभ्र, मऊ, चौथीच्या पुस्तकातला बर्फ. मध्ये हा आरसा. त्यावर भाड्याच्या गमबुटांतली अखिल भारतीय जनता एकमेकांना धरून पडत होती. एक धरतो, दुसरा घसरतो, तिसरा फोटो काढता काढता बसतो. तरुण हाडे होती; पडत होती, हसत होती, उठत होती.

सौ.ने आईकडे पाहिले. आईने आरशाकडे पाहिले. मग काही न बोलता तिने आमच्या दोन पर्सा आणि पाण्याची बाटली मांडीवर घेतली. हे पाहवेना. नऊशे कोस आलेली बाई सत्तर पावलांसाठी पुन्हा पर्सा सांभाळायला बसली.

गाडीशेजारी एक चहाची टपरी होती. ती चालवणारी बाई, अंगावर पट्टू, डोक्याला रुमाल, बराच वेळ आमचा हा मूक प्रवेश पाहत होती. ती उठली, चुलीतली राख एका डब्यात भरली आणि टपरीपुढच्या बर्फावर भुरभुरवली. मग आत जाऊन तिने लोकरीचे जुने, ढगळ पायमोजे आणले. आईसमोर उकिडवी बसली, आणि ते मोजे चक्क आईच्या बुटावरून चढवले.

"अगं बाई, मोजा बाहेरून?" आई म्हणाली.

"बाहर से ही, माताजी. अब चलो."

मी काही बोलणार, तोवर आई उतरलीही होती. आणि मग आमच्या घरात कुणी कधी न पाहिलेला प्रकार पाहिला. आई थांबली नाही, चाचपडली नाही. गुडघे किंचित वाकवले, पाऊल सपाट, टाच आणि चवडा एकदमच टेकून टाकले. पाऊल अगदी आखूड. अंगाचा भार पुढच्या पायावर नीट आल्याशिवाय मागचा उचलला नाही. हात अंगापासून थोडे सुटे. मिनिआपोलिसहून भाच्याने वर्णन केलेला पेंग्विन तो हाच.

"हे कुठे शिकलीस?" मी तिच्या मागून, कुंपणाच्या दोरीला धरून विचारले.

"शिकायचं काय त्यात? आमच्या विहिरीची पाखाडी विसरलास? श्रावणात एकेका पायरीवर बोटभर शेवाळ. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. तिथे शहरी चाल चालली असती तर हंडा पोचला असता, मी नसते पोचले. आणि ही राख टाकली ना बाईने? आम्ही अंगणात झावळ्या टाकायचो. तेच ते."

बेचाळीस पावले ती एकटी चालली. मी मोजली, मोजणे हा माझा व्यवसायच आहे. त्रेचाळिसावे पाऊल मऊ बर्फात पडले आणि घोट्यापर्यंत रुतले. ती तिथे उभी राहिली. फोटोसाठी हसली नाही की हात वर केले नाहीत. नुसती खाली, आपल्या पायाकडे पाहत राहिली. मग पाय काढून त्या खळग्याकडे पाहिले, आणि तिच्या शेजारी दुसरे पाऊल उमटवले. "चित्रात एवढा खोल वाटत नव्हता," ती म्हणाली.

टपरीवाल्या बाईने मोज्यांचे पैसे घेतले नाहीत. चहाचे घेतले. आम्ही प्रत्येकी तीन-तीन कप प्यालो.

परत आल्यावर हेडकॅशियरना ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी एक कात्रण आणून दाखवले. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन नावाचे चढउतारांचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठातल्या तीन संशोधिकांनी गोठलेल्या उताराच्या फुटपाथवर माणसे चालवून पाहिली. काहींच्या बुटावरून मोजे, काहींच्या बुटावर काही नाही. बुटावरून मोजे घालणारे कमी घसरले. या शोधाला २०१० साली पदार्थविज्ञानाचे 'इग नोबेल' मिळाले. म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक. सोलंगच्या टपरीवरच्या बाईला काही मिळाले नाही. पण तिचा चहा चांगला होता.

बर्फाचा पृष्ठभाग शून्याखालीही पुरता घट्ट नसतो. त्यावरचे रेणू सैल, चंचल असतात, एखाद्या पातळ तेलासारखे. मायकेल फॅरडेला ही शंका १८५०च्या सुमारासच आली होती. बर्फ वितळण्याच्या बेताला आला की हा थर आणखी निसरडा. गुळगुळीत रबर त्याच्यावर तरंगते. लोकरीचे केस, गवताच्या काड्या त्याच्या खाचाखोचांत अडकतात. म्हणून काश्मीरमध्ये गरीब माणूस पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या पेंढ्याचे 'पुल्होर' घालून बर्फातून चालत आला. १९९१ साली आल्प्समध्ये बर्फात गाडलेला पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्या बुटाचा तळ अस्वलाच्या कातड्याचा होता, आणि आत उबेसाठी वाळलेले गवत कोंबलेले. त्याला एलएफसी नव्हती, तरी पाय कोरडे, उबदार आणि सैल ठेवायचे हे त्याला कळत होते. गुळगुळीतावर खरखरीत ठेवायचे, एवढीच काय ती विद्या. कुठे ती पेंढ्याची, कुठे लोकरीची, कुठे राखेची, कुठे झावळीची.

पूलेंचा जोड मावशीला पोचता केला. ती आता तो घालून खिडकीपर्यंत जाते आणि फरशी गार लागत नाही म्हणते. परवा तिने आईला फोनवर विचारले, "काय गं, बर्फ कसा असतो?"

आई थोडा वेळ विचार करून म्हणाली, "आपल्या पाखाडीसारखाच. शेवाळ तेवढं पांढरं."